निळ्या डब्याची खिडकी

रसग्रहण कवितेचं करतात, गाण्याचं करतात. मला ते एका रेल्वेच्या डब्याचं करायचं आहे. कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हापासून आमच्या चाकरमान्यांना गावी आणणारा, खाली-वर गडद निळा आणि खिडक्यांच्या रांगेला फिकट निळा पट्टा असलेला तो डबा. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून हे डबे स्विस धर्तीवर बनू लागले आणि २०१८ मध्ये त्यांचं उत्पादन थांबलं. कोकणकन्या आणि मांडवी या गाड्यांनी २०१९ मध्ये हे डबे सोडून नवे एलएचबी डबे घेतले.

या डब्याचा जीव त्याच्या खिडकीत आहे. आडवे गज, त्यामागे दोन झडपा, एक काचेची, एक पत्र्याच्या पट्ट्यांची. झडप वर करायची तर दोन्ही बाजूंच्या खिट्या चिमटीत दाबाव्या लागतात आणि ती हमखास एका बाजूला तिरकी होऊन अडकते. मग समोरचा अनोळखी माणूस उठतो, "थांबा, मी बघतंय" म्हणतो, दोघांच्या जोराने ती वर जाते आणि त्याच क्षणी बोलणं सुरू होतं. खंयचे तुम्ही, कुणाकडचे, यंदा आंबो कसो आसा. कणकवली तालुक्यातल्या एखाद्या वाडीचं नाव निघालं की दोघांचं तिसरं कुणीतरी ओळखीचं सापडतंच. इतकी माणसं त्या अडकणाऱ्या झडपेने एकमेकांशी बोलती केली, म्हणून तिची ही खोड मला दोष वाटत नाही.

वैभववाडी सोडल्यावर त्या खिडकीतून काय काय आत येतं ते पाहावं. आधी खोदकामातली जांभ्याची लाल भिंत, इतकी जवळ की गजातून हात काढला तर लागेल असं वाटतं. मग एकदम मोकळं भातखाचर, वाकलेली काजूची झाडं, कातळावरचं वाळलेलं गवत. पुन्हा लाल भिंत, मग पूल, मग पुन्हा खाचर. डोळ्यांना हे सगळं दिसतंच, पण नाकालाही कळतं. जूनमध्ये भिजल्या मातीचा वास येतो, मे महिन्यात कुणीतरी वरच्या बाकावर ठेवलेल्या पेटीतल्या हापूसचा. बंद काचेच्या वातानुकूलित डब्यातून देखावा तोच दिसतो, पण तो समोर चाललेल्या चित्रासारखा. निळ्या डब्यात कोकण आत येऊन बसायचं.

आणि बोगदा! रोहा ते ठोकूर या मार्गावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत. त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. डिझेल इंजिन होतं तोवर बोगद्यात शिरताना डबाभर झडपा धडाधड खाली यायच्या. तरी धूर आत यायचाच. पिवळ्या दिव्यात तो तरंगायचा, पोरं एका सुरात ओरडायची, आवाज भिंतीवर आपटून परत यायचा, आणि एखादी आजी डोळे मिटून देवाचं नाव घेत बसायची. २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि हा धूर गेला. हवा स्वच्छ झाली, चांगलंच झालं. पण पोरं अजूनही ओरडतात हे मला फार आवडतं.

आता बाक. निळ्या रेक्झिनखाली फोम असतो, त्यात काय विशेष असं वाटेल. पण दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात १९७७ पर्यंत माणसं उघड्या फळीवर झोपत. त्या वर्षी मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम घालायला लावला. ते राजापूर मतदारसंघाचे, म्हणजे आमचेच खासदार; त्यांच्याआधी तिथून निवडून येणारे बॅरिस्टर नाथ पैही कोकणच्या रेल्वेसाठी संसदेत बोलत राहिले. सामान्य माणसाच्या पाठीचा विचार सरकारच्या पातळीवर झाल्याचा एवढा हाताला लागणारा पुरावा दुसरा मला माहीत नाही. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला पुढे १९९८ साल उजाडलं, पण फोम आधीच पोचला होता.

वाटेतल्या नांदगाव रोड स्टेशनची ओळख थांबण्यातून होते. मार्ग एकेरी, त्यामुळे क्रॉसिंग. दिवा-सावंतवाडी गाडी इथे बाजूच्या रुळावर उभी राहते आणि कुणी तरी महत्त्वाची गाडी पुढे निघून जाते. "नांदगाव इला काय?" "इला, पण गाडी सुटात तेव्हा खरा." मग लोक उतरतात, पाय मोकळे करतात, देवगडचे प्रवासी तिठ्यावरून पुढच्या गाडीचा हिशोब मांडतात. कधी समोरून रो-रो जाते, सपाट वॅगनींवर ट्रकची रांग, आणि केबिनमध्ये ड्रायव्हर आरामात बसलेला. घाईच्या माणसाला हे ताटकळणं नकोसं होतं. मला ते या प्रवासाचा अर्धा ऐवज वाटतं.

जुन्या डब्यावर जीव जडतो तो काही फक्त आपलाच नाही. ब्रिटनमध्ये १९४८ ला रेल्वे सरकारी झाली, १९९० च्या दशकात ती तुकड्यांनी खासगी झाली, आणि तेव्हापासून तिथली माणसं आपल्या जुन्या ब्रिटिश रेलच्या निळ्या डब्यांसाठी हळहळतात. नुसती हळहळत नाहीत. सुट्टीच्या दिवशी स्वतः रंगाचे ब्रश घेऊन डबे दुरुस्त करतात, जपलेल्या मार्गांवर चालवतात. या प्रेमात त्यांनी डोळस राहायला हवं, तसं आपणही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. जुने डबे अपघातात एकमेकांत घुसतात, एलएचबी डबे सहसा घुसत नाहीत. पावसाळ्यात गाड्या हळू धावतात आणि गस्तीचे कामगार भर पावसात रुळांवरून चालतात ते अशी रात्र पुन्हा येऊ नये म्हणून. म्हणून तो डबा पुन्हा एक्सप्रेसला जोडावा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण एक डबा सिंधुदुर्गात ठेवावा. कणकवलीला ठेवा, कुडाळला ठेवा, नांदगाव रोडच्या आवारात जागा असेल तर तिथे. फक्त बाहेर दोरी बांधून 'आत जाऊ नये' अशी पाटी लावू नका. पोरांना बाकावर बसू द्या, पंख्याच्या जाळीत कंगवा घालून पातं फिरवून पाहू द्या, खिट्या चिमटीत धरून झडप वर करू द्या. अडकली, तर शेजारच्याला हाक मारतील.