जॅझचा इतिहास आणि तबकडीची संहिता

न्यू ऑर्लीन्स, स्विंग, बीबॉप अशा शैलींच्या पायऱ्यांनी जॅझचा इतिहास सांगण्याचा प्रघात इतका रुळला आहे की या पायऱ्या कोणत्या साधनांवरून रचल्या गेल्या, हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. साहित्याच्या इतिहासकाराला हस्तलिखिते आणि पाठभेद यांच्या चिकित्सेवाचून एक पाऊल पुढे टाकता येत नाही. जॅझच्या इतिहासकाराची संहिता म्हणजे तबकडी. तिची पाठचिकित्सा मात्र फार उशिरा सुरू झाली.

मुळात आरंभबिंदूच संशयास्पद आहे. जॅझची पहिली तबकडी म्हणून जी ओळखली जाते, ती फेब्रुवारी १९१७ मध्ये ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ या गोऱ्या वादकांच्या संचाने ध्वनिमुद्रित केली. ज्याला या संगीताचा आद्य वादक मानले जाते तो कृष्णवर्णीय बडी बोल्डन १९०७ सालीच मनोरुग्णालयात दाखल झाला होता. त्याच्या वादनाची एकही तबकडी उपलब्ध नाही. किंग ऑलिव्हरच्या वृंदाचे १९२३ मधील मुद्रण भोंग्यासमोर झाले. मोठ्या ड्रमच्या आघाताने सुई हादरण्याचे भय असे, म्हणून बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले. त्यावरून त्या काळच्या तालाचे स्वरूप ठरवणे म्हणजे तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीवरून विलंबित ख्यालाचा विस्तार मोजण्यासारखे आहे.

जॅझमधील मुक्तता केवळ अलंकरणापुरती आहे, ठरीव चौकटीला तिचा धक्का लागत नाही, असे प्रतिपादन थिओडोर अडोर्नो यांनी १९३६ साली टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात केले. त्यांच्या अज्ञानाकडे बोट दाखवून हा आक्षेप झटकणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी तेच केले. परंतु बत्तीस बारांच्या गीताची चौकट मध्यम लयीत तीन मिनिटांत तीन-चार वेळाच फिरते, हे ध्यानात घेतले तर अडोर्नो यांना ऐकू आले ते खोटे नव्हते असे म्हणावे लागेल. तबकडीचे गुणधर्म त्यांनी संगीताचे मानले, एवढाच दोष. गंमत अशी, की त्यांच्या विरोधकांनीही तबकडीलाच प्रमाण मानून उत्तरे दिली.

बीबॉपच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ज्यूकबॉक्स आणि रेडिओवरील तबकड्या वादकांची रोजी हिरावून घेतात, या भूमिकेतून अमेरिकन वादकांच्या संघाने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये तडजोड केली; व्हिक्टर आणि कोलंबिया यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये. नेमक्या याच काळात नवे संगीत आकार घेत होते. १९४३ साली चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे दोघेही अर्ल हाइन्सच्या वृंदात होते, पण त्या वृंदाची एकही व्यावसायिक तबकडी निघाली नाही. यंत्राशी झगडणारे वादक इतिहासातून निसटले ते असे.

पुढे १९४५ मध्ये पार्करची ‘को-को’ ऐकणाऱ्यास ती आकाशातून पडल्यासारखी वाटली तर नवल नाही. अमिरी बराका यांनी ‘ब्लूज पीपल’ (१९६३) मध्ये बीबॉपला बाजारू स्विंगचा नकार म्हणून वाचले. ते वाचन समर्थ आहे. तथापि त्यात दिसणारा तुटकपणा काही अंशी या बहिष्काराची देणगी आहे. स्कॉट डेव्हो यांनी १९९७ च्या ग्रंथात या वादकांच्या व्यवसायाची बाजू पुढे आणल्यावर क्रांतीची भाषा बरीच सौम्य झाली. राल्फ एलिसन यांना याची जाणीव आधीच होती: हार्लेममधील मिण्टन्स प्लेहाउसविषयीच्या १९५९ च्या निबंधात ते तेथील रात्रींकडे पुरावा म्हणून नव्हे, तर धूसर होत चाललेली स्मृती म्हणून पाहतात.

त्या रात्रींचा थोडा अंश उरला तो जेरी न्यूमन या हौशी विद्यार्थ्याच्या यंत्रामुळे. त्याने १९४१ मध्ये मिण्टन्समध्ये टिपलेले चार्ली ख्रिश्चनचे गिटारवादन तीन मिनिटांच्या जाचातून मुक्त आहे. आवर्तनामागून आवर्तन चालूच राहते. वाजवली जात होती ती ‘टॉप्सी’ ही स्विंगच्या काळातील परिचित चीज. ‘स्विंग टू बॉप’ हे नाव तिला पुढे तबकडी काढणाऱ्यांनी दिले.