‘टेस्ट’ या संज्ञेचे मराठी रूपांतर : आस्वाद, अस्वाद आणि अभिरुची

बीजशब्द : रुची, अभिरुची, रस, आस्वाद, अस्वाद, दलित साहित्य, मराठी समीक्षा

१. प्रास्ताविक

इंग्रजीतील ‘टेस्ट’ हा शब्द मराठीत दोन वाटांनी आला. बोलीत तो जसाच्या तसा उतरला. ‘भाजी टेस्टी झाली’ हे वाक्य वर्धा जिल्ह्यातील आर्वीसारख्या तालुक्याच्या गावीही कोणाला परके वाटत नाही. समीक्षेत मात्र या शब्दाचा आशय ‘अभिरुची’ या संस्कृत शब्दाच्या आश्रयाने स्थिरावला. परिणामी जिभेची चव एकीकडे आणि मनाची अभिरुची दुसरीकडे अशी विभागणी रूढ झाली. या विभागणीमुळे मराठी समीक्षेला काय लाभले आणि तिच्या नजरेआड काय राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वर्धा जिल्ह्याशी निकटचा संबंध असलेली ‘अस्वाद’ ही संकल्पना या विचारास विशेष उपयोगी पडते.

२. एक शब्द, अनेक अर्थ

‘टेस्ट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ स्पर्श करणे, चाचपून पाहणे असा होता. पुढे तो जिभेच्या संवेदनेला लागू झाला आणि सतराव्या-अठराव्या शतकांत कलेतील बरेवाईट ओळखण्याच्या शक्तीला. १७५७ मध्ये डेव्हिड ह्यूम याने रुचीच्या प्रमाणकावर निबंध लिहिला, तेव्हा दृष्टान्त दारूच्या पिंपाचाच घेतला. एका परीक्षकाला दारूत लोखंडाची, तर दुसऱ्याला कातड्याची चव लागते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी कातडी वादी बांधलेली किल्ली सापडते. सूक्ष्म रुची ही लहर नसून वस्तूत असलेल्या गुणांची ओळख आहे, हे ह्यूमला त्यातून सुचवायचे होते.

मराठीत हा एकच शब्द अनेक ठिकाणी वाटला जातो. पदार्थाला ‘चव’ असते, वाचनाची ‘गोडी’ लागते, व्यसनाची ‘चटक’ लागते, एखाद्या विषयात ‘रस’ वाटतो, पराभवाची ‘चव चाखावी’ लागते. नमुना म्हणून दिलेली गोष्ट ‘वानगी’ ठरते, तर निवडीत काटेकोर असलेला माणूस ‘चोखंदळ’. विचारही ‘रुचतो’ आणि ‘पचतो’. मराठी भाषकाने जीभ आणि मन यांच्यात भिंत घातलेली नाही, हे या प्रयोगांवरून स्पष्ट होते. भिंत उभी राहते ती ‘अभिरुची’ या शब्दापाशी. मुळात विशेष आवड एवढाच अर्थ असलेल्या या शब्दाला समीक्षेत ‘उच्च’, ‘हीन’, ‘संस्कारित’ अशी विशेषणे जोडली गेली आणि तो आवडीऐवजी योग्यता सांगू लागला.

३. रसविचार आणि अन्नाचा दृष्टान्त

भारतीय काव्यशास्त्राने अन्नाशी असलेले नाते लपवले नव्हते. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचे स्पष्टीकरण भोजनाच्या दृष्टान्तानेच येते. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाणारा जसा रस चाखून तृप्त होतो, तसा सुमनस् प्रेक्षक स्थायी भावांचा आस्वाद घेतो. ‘रसिक’ आणि ‘आस्वाद’ हे मराठी समीक्षेचे शब्द याच परंपरेतले आहेत.

विसाव्या शतकात मराठी सौंदर्यविचाराची मांडणी मुख्यत्वे पाश्चात्त्य चर्चेच्या संदर्भात झाली. कांट याने १७९० मध्ये सुखद आणि सुंदर यांत भेद केला. सुखदाशी इच्छा निगडित असते, तर सौंदर्याचा आनंद निर्हेतुक असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात या भूमिकेची मराठीतील अत्यंत सखोल चर्चा आढळते. इथे जिभेची चव सौंदर्यविचाराच्या उंबऱ्याबाहेर राहिली.

४. अस्वाद : वर्धा जिल्ह्याचा संदर्भ

याच काळात चवीचा एक निराळा विचार सुरू होता. १९३० मध्ये येरवडा कारागृहातून महात्मा गांधींनी आश्रमव्रतांवर पत्रे लिहिली. त्यांत ‘अस्वाद’ हे एक व्रत होते. औषध घेताना ते रुचकर आहे की नाही याचा विचार होत नाही, शरीराच्या गरजेपुरतेच ते घेतले जाते. अन्नही तसेच घ्यावे, असा त्याचा आशय. १९२१ पासून विनोबांनी वर्ध्यात चालवलेल्या आश्रमामुळे आणि १९३६ पासून गांधींच्या सेवाग्राम येथील वास्तव्यामुळे हे व्रत या जिल्ह्यात प्रत्यक्ष आचरले गेले.

‘आस्वाद’ आणि ‘अस्वाद’ यांत लेखनदृष्ट्या अंतर एका कान्याचे आहे, अर्थ मात्र परस्परविरोधी वाटतात. तथापि कांटच्या भूमिकेशेजारी ठेवल्यास दोहोंतील साम्य लक्षात येते. कलेच्या आस्वादासाठी उपभोगाची इच्छा बाजूला ठेवावी लागते, अर्थात आस्वादाला एका प्रकारच्या अस्वादाची पूर्वअट आहे. भेद आहे तो पुढच्या पायरीवर. कांटचा रसिक इच्छा दूर सारून सौंदर्याकडे वळतो, तर व्रतस्थ साधक देहाच्या गरजेकडे आणि त्यायोगे श्रम व सेवा यांकडे. या व्रतामुळे ‘गरज किती आणि चोचले किती’ हा प्रश्न चवीच्या विचारात आला. अभिरुचीच्या मराठी चर्चेत तो सहसा येत नाही.

५. व्रताची मर्यादा आणि चवीचा अधिकार

व्रत तोच घेऊ शकतो, ज्याच्यापुढे निवड आहे. ज्यांना चवीचा अधिकारच नाकारला गेला, त्यांच्या बाबतीत अस्वाद हे व्रत उरत नाही, ती लादलेली स्थिती ठरते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य समाज महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याला. तळ्याच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, त्या दिवशी पाण्याच्या चवीचा नव्हे, ते ओंजळीत घेण्याच्या हक्काचा निर्णय होत होता. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील दलित समाजाची खाद्यसंस्कृती नोंदवली. वाळवलेल्या मांसाच्या चान्यांसारखे पदार्थ मराठी पाकपुस्तकांना अपरिचित होते. शीर्षकातील एका अक्षराची भर साऱ्या रूढ समजुतीला प्रश्न विचारते. अन्नाची रुची आणि कलेची रुची या दोन्ही सामाजिक स्थानातून घडतात, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय याने १९७९ मध्ये मांडले होते. मराठीत त्याचा पुरावा स्वयंपाकघरातूनच मिळाला.

साहित्यातही हेच घडले. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. तत्कालीन रुचीला जे ओंगळ वाटले, ते पुढे नवकवितेचे प्रमाण ठरले. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी अपरिचित शब्दांचे अर्थ कवीकडूनच समजून घेतले. ही कृती समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपल्या रुचीची कक्षा कुठे संपते हे ओळखून समीक्षक तिथे निवाडा न देता विचारणा करतो.

६. निष्कर्ष

‘टेस्ट’ या शब्दाच्या मुळाशी असलेला ‘चाचपून पाहणे’ हा अर्थ ‘अभिरुची’त हरवला. तो परत मिळवणे समीक्षेच्या हिताचे आहे. यातून सर्व रुची सारख्याच ठरतात असे मात्र नाही, कारण ह्यूमच्या पिंपात किल्ली खरोखरच होती. साहित्यकृतीचे गुण असतात आणि सरावाने ते ओळखता येतात. परंतु तो सराव कोणत्या अन्नावर, कोणत्या भाषेवर पोसला गेला, हे तपासल्याखेरीज ‘हीन अभिरुची’ हा शेरा समीक्षा ठरत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आर्वी परिसरात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी यांवर वाढलेला, वऱ्हाडी वळणाची बोली बोलणारा विद्यार्थी साहित्याच्या वर्गात येतो, तेव्हा त्याला अभिरुची ‘नसते’ असे गृहीत धरले जाण्याचा धोका असतो. वस्तुतः तो रुची घेऊनच आलेला असतो. कशात तिखटपणा आहे आणि काय अळणी आहे, हे त्याची जीभ जाणते. त्या जाणिवेला शब्द आणि कारणे पुरवणे हे साहित्याच्या अध्यापनाचे कार्य होय.