वाढत्या समाजमाध्यम सर्व्हरचे जोडणी-व्यवस्थापन : मॅस्टोडॉनच्या मार्गदर्शिकेची चिकित्सा

प्रस्तावना :
ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये जर्मनीत सुरू केलेला मॅस्टोडॉन हा मुक्तस्रोत प्रकल्प समाजमाध्यमाची मालकी एका कंपनीच्या हाती न ठेवता असंख्य स्वतंत्र सर्व्हरांकडे सोपवू पाहतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यानंतर या सर्व्हरांकडे वापरकर्त्यांचा ओघ एकाएकी वाढला. त्यांपैकी अनेक सर्व्हर स्वयंसेवक चालवितात. त्यामुळे विस्तार कसा करावा हे सांगणारी प्रकल्पाची अधिकृत मार्गदर्शिका केवळ तांत्रिक दस्तऐवज राहत नाही. विकेंद्रीकरणाचे तत्त्व व्यवहारात टिकणे काही अंशी तिच्या उपयुक्ततेवर अवलंबून असते. तिच्यातील डेटाबेस-जोडण्यांविषयीच्या भागाचे मूल्यमापन येथे अभिप्रेत आहे.

विवेचन :
मॅस्टोडॉनची माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठविली जाते. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालविते, म्हणून प्रत्येक जोडणीला स्मृतीची किंमत मोजावी लागते. जोडण्यांची मूळ मर्यादा १०० असून त्यांतील ३ प्रशासकीय वापरासाठी राखीव असतात. पृष्ठे पुरविणाऱ्या प्युमाच्या २ प्रक्रिया व प्रत्येकी ५ थ्रेड धरल्यास १० जोडण्या लागू शकतात. पार्श्वभूमीवरील कामे उरकणाऱ्या साइडकिकच्या २५ थ्रेडांच्या एका प्रक्रियेस आणखी २५ लागतात. साइडकिकच्या ४ प्रक्रिया होताच ही बेरीज ११० वर जाते आणि नव्या जोडण्या नाकारल्या जाऊ लागतात. थ्रेड वाढविल्यास प्रथम प्रोसेसरवर आणि प्रक्रिया वाढविल्यास प्रथम स्मृतीवर ताण येतो, हा भेद मार्गदर्शिका नेमकेपणाने मांडते. हे तिचे मोठे बलस्थान होय.

जोडण्या अपुऱ्या पडू लागल्यास मार्गदर्शिका पीजीबाउन्सर हे मध्यस्थ साधन सुचविते. त्याच्या व्यवहार-पद्धतीत थ्रेडला जोडणी कायमची न देता केवळ एका व्यवहारापुरती दिली जाते. व्यवहार संपताच ती दुसऱ्यास मिळते. उपाय योग्य आहे, परंतु 'जोडण्या अपुऱ्या पडणे' हा निकष पुरेसा नाही. जोडण्या दोन भिन्न कारणांनी संपतात. उदाहरणार्थ, सेकंदाला २०० व्यवहार होत असून प्रत्येकास २० मिलिसेकंद लागत असतील, तर सरासरी ४ जोडण्याच खऱ्या अर्थाने कार्यरत असतात. उरलेल्या थ्रेडांनी नुसत्या अडवून ठेवलेल्या असतात. येथे मध्यस्थ गुणकारी ठरतो. मात्र मंद प्रश्नांमुळे तोच कालावधी ५०० मिलिसेकंद झाला, तर १०० जोडण्या प्रत्यक्ष कामात गुंततात. अशा वेळी मध्यस्थ डेटाबेसची क्षमता वाढवीत नाही. तो गर्दीची केवळ रांग लावतो. जोडणी नाकारली गेल्याची स्पष्ट सूचना जाते आणि तिच्या जागी संथपणा येतो, ज्याचे मूळ शोधणे नवख्या चालकास अधिक अवघड जाते.

या उपायाची किंमतही लक्षात घ्यावी लागते. सलग सत्रावर विसंबणाऱ्या सुविधा व्यवहार-पद्धतीत भरवशाच्या राहत नाहीत. म्हणूनच डेटाबेसची रचना बदलणाऱ्या आज्ञा मध्यस्थास वगळून थेट पोस्टग्रेसकडे पाठवाव्या लागतात. पूर्वसिद्ध प्रश्नांची सोयही बंद ठेवावी लागत असे. २०२३ मधील पीजीबाउन्सरच्या १.२१ या आवृत्तीपासून ही अडचण बरीचशी दूर झाली.

निष्कर्ष :
कोणती आज्ञा द्यावी हे मार्गदर्शिका उत्तम सांगते. रोगनिदान मात्र बहुतांशी चालकावर सोपविते. मोठ्या कंपनीत त्यासाठी डेटाबेसचे तज्ज्ञ असतात, स्वयंसेवकाकडे ते नसतात. किती जोडण्या कार्यरत आहेत, किती निष्क्रिय आहेत आणि व्यवहारास किती वेळ लागतो, हे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या नोंदींतून पाहता येते. ही तपासणी पीजीबाउन्सर बसविण्यापूर्वीची पहिली पायरी म्हणून मांडली जावयास हवी. तसे झाल्यास लहान समूहांना आपला सर्व्हर स्वबळावर चालविणे अधिक शक्य होईल.