मुंबईच्या नाल्यांतील विषाणुसमुदाय आणि ऋतुमानाचा प्रश्न

नागरी जलप्रवाहांतील विषाणूंच्या अभ्यासात 'ऋतुमानानुसार होणारा बदल' हा शब्दप्रयोग अलीकडे वारंवार आढळतो. दिसावयास तो सोपा असला तरी त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. प्रवाहात विषाणूंचा एक समुदाय नांदत असतो, हे एक. आणि त्या समुदायाचे घटक ऋतूबरोबर खरोखरच वाढतात अथवा घटतात, हे दुसरे. समशीतोष्ण देशांत हिवाळा व उन्हाळा यांतील तफावत मोठी असते. तेथे अतिसार घडविणारे काही विषाणू हिवाळ्यात, तर आंत्रविषाणू उन्हाळ्याच्या अखेरीस व शरदात वाढतात. तेथील नद्यांच्या बाबतीत ही गृहीते पुष्कळ अंशी खपून जातात. मुंबई बेटाच्या दक्षिण व मध्य भागात, म्हणजे गिरगावापासून लालबाग, परळ, दादरपर्यंतच्या वस्तीत, ती तपासून पाहिल्याखेरीज स्वीकारता येत नाहीत. याच शहरात झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासाच्या आधारे त्यांची चिकित्सा करणे उपयुक्त ठरेल.

प्रथम प्रवाहाचा विचार केला पाहिजे. या भागात नदी अशी नाही. जवळची नदी मिठी; विहार व पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यावर वाढणारी ही सुमारे १८ किलोमीटरांची नदी माहीमच्या खाडीला मिळते, आणि पावसाळा संपल्यावर तिच्या पात्रात मुख्यतः वस्त्यांचे व कारखान्यांचे सांडपाणीच उरते. बेटावरील खरे जलप्रवाह जमिनीखाली आहेत. परळ-दादरच्या सखल भागातील पावसाचे पाणी वाहिन्यांतून वरळीच्या लव्हग्रोव्हकडे किंवा पूर्वेस रे रोडच्या ब्रिटानिया पातमुखाकडे जाते. गिरगावातील पाणी चौपाटीच्या बाजूने समुद्रास मिळते. मैलापाणी व पर्जन्यजल यांसाठी मुंबईत दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. तथापि ही स्वतंत्रता नकाशावर जितकी निर्मळ दिसते तितकी ती जमिनीखाली राहिलेली नाही. ज्या वस्त्यांना मलनिःसारण वाहिनी पोचलेली नाही, त्यांचे सांडपाणी पर्जन्यजलाच्या नाल्यातच उतरते. शिवाय अनेक पातमुखे इतकी खालच्या पातळीवर आहेत की मोठ्या भरतीच्या वेळी पाणी बाहेर जाण्याऐवजी आतच तुंबते. यास्तव येथील नाला हा वर्षभर एकाच स्वभावाचा जलप्रवाह नसून, आठ महिने मैला वाहणारा आणि चार महिने मैला, पाऊस व समुद्र यांचे मिश्रण वाहणारा असा द्विस्वभावी प्रवाह आहे.

या द्विस्वभावाचा परिणाम साध्या गणिताने स्पष्ट होतो. उदाहरणादाखल, उन्हाळ्यात नाल्याच्या एका लिटरमध्ये एखाद्या विषाणूचे दहा कण आहेत असे मानावे. पाहणीसाठी अर्धा लिटर पाणी घेतल्यास त्यात सरासरी पाच कण येतील, आणि एकही कण न येण्याचा संभव शंभरात एकाहून कमी राहील. आता आषाढातील पावसाने त्याच मैल्यात नऊपट पाणी मिसळले असे समजावे. लोकांच्या शरीरातून बाहेर पडणारे विषाणू तेवढेच आहेत. पण अर्ध्या लिटरमध्ये आता सरासरी अर्धाच कण येईल, आणि नमुना रिकामा निघण्याचा संभव शंभरात साठाच्या घरात जाईल. नोंदवहीत मात्र 'पावसाळ्यात विषाणू आढळला नाही' एवढेच लिहिले जाईल. येथे बदलले ते पाणी. विषाणू बदललेला नाही. मुंबईतील पावसापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडत असल्याने ही शंका केवळ तात्त्विक ठरत नाही.

शिवाय हा पाऊसही शहरभर सारखा नसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशीच्या नोंदीत कुलाब्याचा आकडा सुमारे ७३ मिलिमीटर होता. एकाच महापालिकेच्या हद्दीत, एकाच दिवशी, दोन नाल्यांतील पाणी इतक्या भिन्न प्रमाणात पातळ होत असेल, तर 'मुंबईचा पावसाळा' हे एकच परिमाण धरून केलेली तुलना कितपत विश्वसनीय मानावी, हा प्रश्न उरतोच.

या पार्श्वभूमीवर परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातील आंत्रविषाणु संशोधन केंद्राने केलेला अभ्यास पाहण्यासारखा आहे. हे केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा मुंबई विभाग म्हणून ओळखले जाऊ लागले. १९९९ व २००० या वर्षांत, लसीकरण चांगले झालेले असूनही, मुंबईत पोलिओचे तीन रुग्ण आढळले होते. तेव्हा २००१ मध्ये जगदीश देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन झोपडवस्त्यांतील सांडपाण्याचे नमुने दर आठवड्याला तपासण्याची पद्धतशीर योजना आखली. त्या वर्षी तपासलेल्या १३७ नमुन्यांपैकी ३५ नमुन्यांत पहिल्या प्रकारचा आणि एका नमुन्यात तिसऱ्या प्रकारचा मूळ पोलिओविषाणू मिळाला. त्याच वर्षी शहरात पक्षाघाताचा रुग्ण मात्र एकच नोंदला गेला, आणि विषाणू सांडपाण्यात त्याच्या तीन महिने आधीच सापडला होता. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

या अभ्यासाचे सामर्थ्य आकड्यांत नाही. त्याचे खरे सामर्थ्य वंशावळीत आहे. विषाणूच्या जनुकातील घटकक्रमांची तुलना केली असता असे आढळले की, सांडपाण्यातील विषाणू मुंबईच्या पूर्वीच्या रुग्णांतील विषाणूंचे वंशज नव्हते. ते उत्तर प्रदेशातील रुग्णांत नुकत्याच मिळालेल्या चार शाखांचे होते. विषाणू वर्षभरात अनेकदा बाहेरून आला, काही काळ फिरला आणि नाहीसा झाला, असा निष्कर्ष त्यावरून निघाला. पावसाने पाणी कितीही पातळ झाले तरी सापडलेल्या कणाचा वंश बदलत नाही. म्हणून 'कोठून आला' या प्रश्नाचे उत्तर या अभ्यासात जितके भक्कम आहे, तितके 'केव्हा नव्हता' या प्रश्नाचे असू शकत नाही. नमुना रिकामा निघाला म्हणजे विषाणूचे फिरणे थांबले की केवळ पाणी वाढले, याचा निवाडा प्रवाहाचे मोजमाप सोबत असल्याखेरीज होत नाही. भारतात पोलिओचा प्रसार पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत जोर धरीत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे अडचणीचे गांभीर्य कळते. ज्या काळात माणसांत विषाणू वाढतो नेमक्या त्याच काळात नाला त्याला लपवितो. दोन विरुद्ध प्रेरणा एकमेकींस झाकून टाकतात, आणि आलेख सपाट दिसतो.

दुसरी मर्यादा 'समुदाय' या शब्दाशी निगडित आहे. पोलिओच्या शोधासाठी जगभर रूढ असलेल्या पद्धतीत सांडपाण्यातील विषाणू विशिष्ट पेशींवर वाढविले जातात. त्यांतील एक पेशीजात मानवी पोलिओग्राहक बसविलेल्या उंदराच्या पेशींची असून तिच्यावर मुख्यतः पोलिओविषाणूच वाढतो. ही चाळणी पोलिओसाठी उत्तम आहे. परंतु चाळणीत राहिलेल्या धान्यावरून सबंध शेताचे वर्णन करता येत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिट्सबर्ग, बार्सिलोना व आदिस अबाबा या शहरांच्या कच्च्या सांडपाण्यातील जनुकद्रव्य सरसकट वाचण्यात आले. त्यात २३४ ज्ञात विषाणू ओळखता आले. त्यांपैकी मानवास बाधणारे केवळ १७ होते, आणि वाचलेल्या द्रव्यापैकी बहुतांश कोणत्याही ज्ञात विषाणूशी जुळले नाही. ज्ञात विषाणूंत मोठा वाटा जीवाणुभक्षी विषाणूंचा होता. पोलिओच्या अभ्यासकांनी समुदायाचा दावा केलेला नाही. तो दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो अशा अभ्यासांचे आकडे घेऊन शहराच्या 'विषाणुसमुदायाचे ऋतुचक्र' रेखाटणाऱ्या उत्तरकालीन वाचनाचा.

जीवाणुभक्षींच्या बाबतीत तर वाचनाची चूक भारतीय नद्यांच्या संदर्भात जुनी आहे. १८९६ मध्ये ई. एच. हँकिन यांनी गंगा व यमुना यांच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे निरीक्षण प्रसिद्ध केले. जीवाणुभक्षी विषाणूंची संकल्पना १९१७ मध्ये देरेल यांनी मांडल्यानंतर, हँकिन यांनी त्यांचेच कार्य पाहिले होते असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाऊ लागले. परंतु पाणी उघडे उकळल्यास ही शक्ती नष्ट होते आणि बंद नळीत तापविल्यास टिकते, असे हँकिन यांच्याच प्रयोगांत दिसले होते. विषाणू बंद नळीतही तापून नष्टच व्हावयास हवेत. त्यामुळे उडून जाणाऱ्या एखाद्या रासायनिक द्रव्याची शक्यता अधिक संभवनीय ठरते, हे २०११ मध्ये त्या लेखाच्या पुनर्वाचनातून पुढे आले. याउलट ढाक्याच्या जलाशयांवर सुमारे तीन वर्षे झालेला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नमुनेदार आहे. पटकीचे जंतू व त्यांना खाणारे विषाणू यांची उपस्थिती परस्परविरुद्ध दिसते, हे त्यात एकाच पाण्यातील दोन्ही घटक एकाच वेळी मोजून दाखविले गेले. दोन्ही घटक पावसाने सारखेच पातळ होत असल्याने, एक वाढताना दुसरा घटत असेल तर तो बदल केवळ पाण्याच्या माथी मारता येत नाही.

तिसरा मुद्दा बहुधा दुर्लक्षित राहतो. नाल्यातील काही ऋतू निसर्गाने घडविलेले नसतात. १९९५ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या देशव्यापी पल्स पोलिओ मोहिमेच्या फेऱ्या प्रामुख्याने थंडीच्या महिन्यांत, म्हणजे प्रसार मंद असताना, ठेवण्यात येत. तोंडावाटे दिलेल्या लसीतील जिवंत विषाणू बालकांच्या मलावाटे सांडपाण्यात उतरतात. साहजिकच अशा फेरीनंतर नाल्यातील पोलिओविषाणूंची रचना बदलते. हवामानाकडे पाहणारा अभ्यासक त्यास हिवाळ्याचा परिणाम मानील; वस्तुतः तो लसीकरणाच्या वेळापत्रकाचा परिणाम होय. २५ एप्रिल २०१६ रोजी भारताने तिहेरी लस सोडून दुहेरी लस स्वीकारली, तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या लसविषाणूचा सांडपाण्यास होणारा नियमित पुरवठाच थांबला. विषाणुसमुदायातील हा बदल कोणत्याही मोसमी वाऱ्याने आणलेला नव्हता. तो शासकीय निर्णयाने आणला.

तात्पर्य, मध्य मुंबईच्या नाल्यास एक पंचांग नसून तीन आहेत: पाण्याचे, माणसांच्या शरीरांचे आणि आरोग्ययंत्रणेचे. ही तिन्ही वेगळी केल्याखेरीज 'ऋतुमान' हा शब्द वापरणे म्हणजे कारणाच्या जागी काळ ठेवणे होय. ती वेगळी करण्याची साधने अवघड नाहीत. नमुन्याबरोबर प्रवाहाचे प्रमाण, मागील काही तासांचा त्याच भागातील पाऊस आणि भरती-ओहोटीची वेळ नोंदविली जावी. लसीकरणाच्या फेऱ्यांच्या तारखा विश्लेषणात घेतल्या जाव्यात. आणि मैल्याचे प्रमाण मोजण्यासाठी एखादा स्थिर खुणेचा विषाणू सोबत मोजला जावा. मिरचीच्या झाडास होणारा एक सौम्य विषाणू या कामी जगभर उपयोगात आहे. अन्नातून पोटात जाऊन तो मानवी मलात विपुल प्रमाणात उतरतो, हे २००६ मध्ये दिसून आले. लालबाग-परळच्या स्वयंपाकघरांत मिरचीला बारा महिने खळ नसतो. तेव्हा शोधावयाचा विषाणू व हा मिरचीचा विषाणू यांच्या गुणोत्तरावरून पावसाचा प्रभाव बराचसा वजा करता यावा. अर्थात हे गुणोत्तर येथील सांडपाण्यावर प्रथम पडताळून घ्यावे लागेल.

हा वाद शब्दांपुरता मर्यादित नाही. मुंबईच्या सांडपाण्यात मूळ पोलिओविषाणू नोव्हेंबर २०१० मध्ये शेवटचा मिळाला. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळला. आणि २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. प्रमाणनासाठी तीन वर्षांची निर्विषाणू नोंद आवश्यक मानली जाते, तेव्हा तीन पावसाळे आपोआपच ओलांडले जातात. एका मोसमातील अभाव पुरावा म्हणून अपुरा आहे, ही जाणीव व्यवहारात त्या अटीने सांभाळली गेली. २०२० च्या साथीत मुंबईचे सांडपाणी करोना विषाणूसाठीही तपासण्यात आले, त्या वेळी मात्र इतका काळ थांबण्याची सवड नव्हती. साथ ओसरली की केवळ पाऊस पडला, हे आठवड्याभरात सांगता आले पाहिजे, अशी मागणी पुढील प्रत्येक साथीत होणार. चुकीच्या वाचनाची किंमत प्रयोगशाळेस द्यावी लागत नाही. ती ज्या वस्त्यांतून तो नाला वाहतो त्यांनाच द्यावी लागते, आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालणारी माणसेही तेथलीच असतात. २००१ च्या अभ्यासाने परळच्या एका प्रयोगशाळेतून सांडपाणी वाचण्याची शिस्त या देशात प्रस्थापित केली. त्या शिस्तीत आता पाणी मोजण्याची भर पडणे हेच त्या कार्याचे योग्य उत्तरदायित्व ठरेल.