पांढरीची नोंद : ‘गावगाडा’ आणि घरांवरील कर – एक चिकित्सा

गावाचे दोन भाग पूर्वापार मानले जातात : पिकाची जमीन ती काळी व वस्तीची जागा ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) हा या व्यवस्थेवरील मराठीतील मूलभूत ग्रंथ होय. मात्र त्यातील विवेचनाच्या केंद्रस्थानी कुणबी आहे. अलुते-बलुते व फिरस्ते यांचा भार कुणब्यावर कसा पडतो, हे आत्रे पोटतिडकीने मांडतात. पांढरीतील घरे सरकारचा भार कसा वाहत, हा प्रश्न त्या मांडणीत दुय्यम ठरतो.

वस्तुतः यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरील वर्धा नदीपलीकडे, नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, ‘पांढरी’ हे कराचेच नाव होते. तो शेती न करणाऱ्यांवर बसे आणि इंग्रजी अमलातही मध्य प्रांतात काही काळ चालू राहिला. अन्यत्र कारागीर व व्यापाऱ्यांवरील करास मोहतर्फा म्हणत. जमीनमहसुलाच्या दप्तरात न सापडणारा कोष्टी वा तेली अशा करांच्या नोंदींत भेटण्याचा संभव अधिक.

येथे इंग्लंडचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे १६६२ मध्ये प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसविण्यात आला. तो १६८९ मध्ये रद्द झाला. राइटसन व लेव्हिन यांनी एसेक्समधील टर्लिंग या गावाच्या अभ्यासात (१९७९) १६७१ च्या चूलकराच्या यादीवरून गावातील आर्थिक थर दाखविले. गरिबीमुळे करमाफी मिळालेली घरेही त्यांनी विचारात घेतली. म्हणजेच कोणी किती भरले याइतकेच, कोणाला भरणे शक्य नव्हते हेही महत्त्वाचे ठरते.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या यवतमाळ जिल्ह्यात शासकीय मदतीसाठी कुटुंबाच्या नावे शेतजमीन असणे ही अट राहिली. परिणामी भूमिहीन मजूर व तोंडी कराराने ठेक्याची शेती कसणारा गणनेबाहेर पडतो. काळीची नोंद म्हणजेच गाव, हे जुने गृहीतक येथे पुन्हा दिसते.

सारांश, ‘गावगाड्या’चे मोल मान्य करूनही त्याला गावाचा पूर्ण हिशेब मानता येणार नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील संशोधकांनी सातबाऱ्याच्या जोडीला ग्रामपंचायतीची घरपट्टीची आकारणी यादी वाचावी. आणि जी घरे दोन्हींत नाहीत, त्यांच्यापाशी प्रत्यक्ष जावे.