गारगोटीखालचे विषाणू, आणि त्यांना नाव देणारा डेटाबेस

पेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करत असाल, तर झाब्लोकी आणि सहकाऱ्यांचा अंटार्क्टिकावरचा २०१४ चा पेपर वाचाच. विषय भन्नाट आहे. तिथल्या अतिकोरड्या जमिनीत रुतलेल्या गारगोट्यांच्या खालच्या अंगाला सायनोबॅक्टेरियांचा थर वाढतो. त्या थरातले आणि शेजारच्या उघड्या मातीतले विषाणू लेखकांनी डीएनएवरून तपासले. गारगोटीखाली विविधता जास्त निघाली. दोन्हीकडे भरणा फेजचा, म्हणजे जीवाणूंना लागणाऱ्या विषाणूंचा, आणि त्यातही मायकोबॅक्टेरियमचे फेज ठळक.

इथे थांबा. ही नावं पडली कशी? मिळालेला सिक्वेन्स डेटाबेसशी ताडून, त्यातल्या त्यात जवळचा कोण ते बघून. मग डेटाबेसमध्ये आधी कोण बसलंय, हे विचारायला नको का? अमेरिकेत ग्रॅहम हॅटफुल यांच्या पुढाकाराने २००८ पासून कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं मातीतून फेज वेगळे करतात, बहुतेक वेळा मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर. त्यामुळे या फेजचे शेकडो जीनोम तिथे हजरच होते. उद्या तुम्ही वेताळ टेकडीची माती याच पद्धतीने तपासलीत, तरी हेच नाव वर आलं तर मला नवल वाटणार नाही.

माझ्या मते पेपरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे. सायनोबॅक्टेरिया भरपूर, पण त्यांचे फेज मात्र जेमतेम. आणि मिळाले तेही माहितीतल्या फेजपासून खूप दूरचे. माहितीतले बहुतेक सायनोफेज समुद्रातले आहेत. म्हणजे ते तिथे नाहीतच, की आपल्याला ओळखता आले नाहीत? लेखकांनाही हे अनपेक्षित वाटलं, पण हा प्रश्न अजून ताणायला हवा होता.

मिमिव्हायरसच्या कुळाबद्दलही तेच. आयआयटी मुंबईच्या गटाने मुंबईच्या सांडपाण्यातून 'मिमिव्हायरस बॉम्बे' वेगळा काढला आणि २०१६ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम मांडला. तिथे विषाणू हातात आहे. अंटार्क्टिकात नुसते जुळणारे तुकडे. दोन्ही पुराव्यांचं वजन सारखं धरू नका.

शिवाय तुलना दोनच मेटावायरोमची. अंटार्क्टिकातल्याच १४ नमुन्यांवरचा ॲड्रियानसेन्स आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा पेपर मला म्हणून जास्त पटतो. विषाणूंची रचना मातीचा सामू, कॅल्शियम आणि जागेची उंची यांच्याशी बदलते, असं त्यात दिसतं.

आणि हो, २०१४ च्या पेपरमधली सायफोव्हिरिडे, मायोव्हिरिडे, पोडोव्हिरिडे ही शेपटीवरून ठरवलेली कुळं २०२२ मध्ये अधिकृत वर्गीकरणातून रद्द झालीत. मुलाखतीत सांभाळून.