गरिबांचे ताजमहाल

बीबीच्या मकबऱ्यासमोर उभं राहिलं की प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: ताजसारखाच आहे, पण ती मजा नाही. शाळेच्या सहलीत मीही हेच बोललो होतो. गाईड ‘गरिबांचा ताजमहाल’ म्हणतो, लोक हसतात, सेल्फी काढतात आणि वेरूळच्या बसमध्ये जाऊन बसतात.

गेल्या हिवाळ्यात मी आणि एक मित्र पुण्याहून गाडी काढून ताजच्या नकला बघायला निघालो. निघताना डोक्यात टवाळीच होती. मकबऱ्यापाशीच ती जरा ओसरली.

औरंगजेबाची पहिली बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये बाळंतपणानंतर वारली. सासूबाई मुमताजही बाळंतपणातच गेल्या होत्या. मकबरा मुलाने, म्हणजे आझमशाहने, आईसाठी बांधला असं सगळीकडे सांगतात आणि काळ देतात १६५१ ते १६६१. आता हिशोब करा. १६५१ मध्ये आई जिवंत होती आणि आझम जन्मालाही आला नव्हता. तो १६५३ चा. आई गेली तेव्हा पोरगं चार वर्षांचं. ‘मुलाचा ताज’ ही गोष्ट गोड आहे, म्हणून टिकलीये. खर्चाचा आकडा सांगतात तो ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे. बादशहाच्या घरच्या कबरीच्या हिशोबात ते सात आणे कुणीतरी लिहून ठेवलेत, हे मला फार आवडतं.

ही काटकसर भिंतींवर दिसते. खालच्या पट्ट्याला संगमरवर, घुमटाला संगमरवर आणि मधल्या सगळ्या भागात आपला काळा दगड, वरून चुन्याचा गिलावा. मिनार मुख्य इमारतीच्या फार जवळ आल्यासारखे वाटतात, त्यामुळे सगळं जरा आखडलेलं दिसतं. हे दोष खरेच आहेत. आणि ते ‘कारागिरांना जमलं नाही’ म्हणून झालेत असंही म्हणता येत नाही, कारण इमारतीवर ज्याचं नाव आहे तो अताउल्ला, ताज रचणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. बापाचं काम त्याला माहीत नसणार का?

पण आत जा. ताजमध्ये आपल्याला दिसतात ती नुसती प्रतीकं. खऱ्या कबरी खालच्या तळघरात, बंद. इथे वरच्या सज्जातून वाकून खाली बघायचं. संगमरवरी जाळीच्या अष्टकोनात कबर, तिच्यावर चादर, चादरीवर लोकांनी टाकलेली नाणी. बाहेर ताजशी तुलना करणारी माणसं इथे आवाज खाली करतात. ही कल्पना ताजमधून उचललेली नाही. ‘नकल’ म्हणून आपण मकबऱ्याला नापास करतो, ते बाहेरच्या फोटोवरून.

तिथून अजिंठा, भुसावळ, मुक्ताईनगर करत बुऱ्हाणपूर. १६३१ मध्ये मुमताज इथे वारली आणि आग्र्याला नेण्याआधी तापीपलीकडे जैनाबादला तिला पुरलं होतं. ज्या गावाने मुमताज आग्र्याला दिली, तिथे आता ताजसारखं एक राहतं घर आहे. एका गृहस्थांनी बायकोसाठी बांधलेलं, २०२१ मध्ये पुरं झालेलं. मकराण्याचा संगमरवर आणि आत चार बेडरूम. नवऱ्याने बायको हयात असताना बांधलं, हे मला शाहजहानपेक्षा शहाणपणाचं वाटतं. पण बघताना काहीच झालं नाही. फोटोत हुबेहूब, आणि फोटोपुढे काही नाही. मित्र म्हणाला, ‘वास्तुशांतीला काय सांगितलं असेल भटजींना?’ यापलीकडे आम्हाला बोलायला काही सुचलं नाही.

मग इंदूर, ग्वाल्हेर आणि आग्रा. ताजकडे न वळता रोमन कॅथलिक कब्रस्तानात गेलो. लाल दगडातला छोटासा ताज. आत जॉन हेसिंग. हा डच माणूस महादजी शिंद्यांच्या फौजेत वाढला, पुढे दौलतरावांच्या वेळी आग्र्याचा किल्ला सांभाळत होता. १८०३ च्या जुलैत वारला आणि ऑक्टोबरात किल्ला इंग्रजांकडे गेला. म्हणजे मराठ्यांच्या आग्र्यातल्या शेवटच्या दिवसांची ही कबर, आणि शाळेच्या पुस्तकात तिचं नाव मी कधी वाचलं नाही. ही बायकोने नवऱ्यासाठी बांधली. मिनारांना तिने फाटा दिला आणि त्यामुळे इमारत उलट मोकळी दिसते. अताउल्लाने मिनार ठेवले आणि तिथेच फसला. सगळ्या नकलांमध्ये मला हीच सर्वांत नेटकी वाटली.

शेवटी अलीगढवरून पुढे, बुलंदशहर जिल्ह्यातलं कसेर कलां. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी बायको गेल्यावर शेताजवळ स्वतःच्या पैशांनी ताज बांधायला घेतला. संगमरवराला पैसे पुरले नाहीत. मदत देऊ केली तेव्हा त्यांनी ती गावातल्या मुलींच्या शाळेकडे वळवायला सांगितली. २०१८ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. इमारत अजून करड्या सिमेंटचीच आहे, तोल जरा ढोबळ, मिनार हडकुळे. वास्तुकला म्हणून मार्क द्यायचे तर कमीच पडतील, आणि मी खोटे वाढवून देणार नाही.

मात्र ताजमध्ये मुमताजची कबर बरोबर मध्यावर आहे आणि १६६६ नंतर आलेली शाहजहानची तिच्या बाजूला दाटीने बसवलेली. एवढ्या मापाच्या इमारतीत तेवढीच एक गोष्ट तोल सोडून आहे. पोस्टमास्तरांनी बायकोला पुरतानाच शेजारी आपली जागा धरून ठेवली होती. आता ते तिथेच आहेत.

परतताना आग्रा लागलं. रांग मोठी होती, गाडी थांबवली नाही.